पहिल्या पाच ओळी सोडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

म्हशीची धार काढणारा माणूस पहिल्या दोन-चार धारा चरवीत घेत नाही. सडाच्या तोंडाशी साचलेली घाण आणि जंतू त्या धारांबरोबर निघून जातात, म्हणून त्या बाजूला सोडायच्या आणि मग चरवी खाली धरायची. हातपंपाला रात्रभर कोणी हात लावला नसेल, तर सकाळचे पहिले गढूळ पाणी आपण घागरीत घेत नाही. पुस्तक उघडले की प्रस्तावना आणि अनुक्रमणिका उलटून थेट पहिल्या प्रकरणाकडे जाणारेही पुष्कळ असतात. सुरुवातीचे काही सोडायचे आणि पुढचे घ्यायचे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचा वेगळा विचार आपण करत नाही.

संगणकाला मात्र ती सांगावी लागते. प्रोग्रॅम लिहिणारे त्यासाठी एक छोटीशी आज्ञा वापरतात. कुठल्या भाषेत तिला 'स्किप' म्हणतात, कुठे 'ड्रॉप'. अर्थ एकच: या यादीतले पहिले इतके सोड आणि उरलेले मला दे. आज्ञा एका ओळीची आहे, शिकायला पाच मिनिटे लागतात. पण आपले अनुदान, आपला विमा, आपले मतदान अशा गोष्टी आता याद्यांवर चालतात आणि त्या याद्या संगणक वाचतो. म्हणून ही पाच मिनिटांची गोष्ट ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांनीही समजून घ्यावी, असे मला वाटते.

उदाहरणासाठी बीड जिल्ह्यातले तलवाडा घेऊ. गेवराई तालुक्यातले हे गाव त्वरितादेवीच्या मंदिरामुळे सर्वांच्या ओळखीचे आहे. समजा, तलवाड्याची एखादी लाभार्थी यादी तालुक्याहून संगणकाच्या फाइलमध्ये आली. ही यादी मनाने रचलेली आहे, पण तिचा साचा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पहिल्या ओळीत जिल्हा, तालुका, गाव. दुसऱ्या ओळीत योजनेचे नाव. तिसऱ्या ओळीत वर्ष आणि दिनांक. चौथ्या ओळीत रकान्यांची नावे: अनुक्रमांक, लाभार्थ्याचे नाव, गट क्रमांक, बँक खाते. आणि पाचव्या ओळीत? तिथे आपल्या सरकारी तक्त्यांची जुनी खूण असते. प्रत्येक रकान्याखाली त्याचा आकडा: १, २, ३, ४. खरी नावे सहाव्या ओळीपासून सुरू होतात. धरून चालू की नावे २१२ आहेत.

माणूस ही यादी वाचताना वरच्या पाच ओळींवरून डोळा सहज फिरवतो. संगणकाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने ओळ म्हणजे ओळ. म्हणून त्याला सांगायचे, पहिल्या पाच सोड. मग तो २१२ नावे बिनचूक उचलतो.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती आकड्यांची पाचवी ओळ लक्षात घेतली नाही आणि चारच ओळी सोडायला सांगितल्या, तर काय होईल? पहिल्या लाभार्थ्याचे नाव '२', गट क्रमांक '३' आणि बँक खाते '४' असे नोंदले जाईल. हे हास्यास्पद आहे, पण म्हणूनच ते लवकर सापडते. '२' नावाच्या माणसाच्या खात्यात पैसे जात नाहीत, कोणीतरी फाइल उघडून बघतो आणि चूक दुरुस्त होते.

उलट बाजूची चूक अधिक वाईट. पाचाऐवजी सहा ओळी सोडल्या, तर यादीत २११ नावे उरतात. सगळी खरी माणसे, सगळी खरी खाती. कुठे विचित्र काही दिसत नाही. फक्त पहिला माणूस नाही. यादी नावाच्या अक्षरक्रमाने लावली असेल, तर तो पहिला माणूस एखादा अंबादास किंवा अंजनाबाई असणार. पुढच्या हप्त्यालाही तोच साचा, तीच आज्ञा आणि तीच ओळ गहाळ. ज्याचे नाव यादीच्या मध्ये आहे त्याला या चुकीची झळ कधी लागत नाही. ज्याचे नाव वर आहे त्याला ती दरवेळी लागते आणि बँकेत चकरा मारूनही कारण कळत नाही.

त्या एका ओळीची किंमत काय? २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम किसान योजनेचे उदाहरण घेतले, तर एका हप्त्याचे २,००० आणि वर्षाचे ६,००० रुपये. त्या योजनेत असे घडले असे मी म्हणत नाही. एका ओळीचे वजन केवढे असते, एवढेच सांगायचे आहे.

या आज्ञेचा मुख्य धोका इथेच आहे. ती चुकली तरी ओरडत नाही. संगणकाला भागाकारात शून्याने भागायला सांगा, तो बहुधा तक्रार करील. नसलेली फाइल उघडायला सांगा, तो नकार देईल. पण 'सहा सोड' म्हटले की तो निमूटपणे सहा सोडतो. आणखी एक गंमत पाहा. यादीत सहाच ओळी आहेत आणि आपण दहा सोडायला सांगितल्या, तरीही बहुतेक भाषांमध्ये कसलीही कुरकूर होत नाही. हाती रिकामी यादी येते. पायथॉन भाषेतला यादीचा तुकडा घ्या, हॅस्केलमधला 'ड्रॉप' घ्या किंवा सी-शार्पमधला 'स्किप' घ्या, तिघेही असेच वागतात. हा दोष नाही, तसे मुद्दाम ठरवलेले आहे. पण त्याचा अर्थ असा की हिशेब आपण ठेवायचा.

मोजून सोडण्यापेक्षा खूण सांगून सोडणे बरे, असे पुष्कळांना वाटेल. ते बरोबर आहे. उद्या तालुक्याने वर आणखी एक ओळ वाढवली, तर 'पाच सोड' ही आज्ञा चुकेल. पण 'रकान्यांच्या आकड्यांची ओळ येईपर्यंत सोडत राहा आणि ती ओळही सोड' असे सांगितले, तर वर कितीही ओळी असोत, काम होते. अशा आज्ञाही जवळपास सर्व आधुनिक भाषांत आहेत. अमुक अट खरी आहे तोवर सोडत राहा, असे त्यांचे रूप असते. इथे खूण मात्र विचार करून निवडावी लागते. 'पहिल्या रकान्यात १ दिसला की थांब' असे सांगितले तर फसगत होते, कारण आकड्यांच्या ओळीतही पहिल्या रकान्यात १ आहेच आणि पहिल्या लाभार्थ्याचा अनुक्रमांकही १ आहे.

शिवाय 'सोडत राहणे' आणि 'चाळणे' यांत फरक आहे. चाळणीतून शेवटच्या दाण्यापर्यंत सगळे धान्य जाते आणि खडा कुठेही असला तरी वेगळा होतो. सोडत राहणारी आज्ञा पहिला चांगला दाणा दिसताच थांबते, पुढचे काहीही तपासत नाही. यादीच्या मध्येच पुन्हा शीर्षकाची ओळ आली, जशी छापील तक्त्यांत प्रत्येक पानावर येते, तर ती तशीच आत शिरते. तिथे चाळणीच हवी.

आता मोजण्याकडे वळू, कारण सोडण्यातल्या बहुतेक चुका एकाने होतात. 'किती सोडायचे' आणि 'कितव्यापासून घ्यायचे' हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरे एकाने वेगळी असतात. पाच सोडायचे म्हणजे सहाव्यापासून घ्यायचे. लिनक्स संगणकावर 'टेल' नावाची आज्ञा आहे. तिला 'अधिक दोन' असे सांगितले, तर ती दुसऱ्या ओळीपासून पुढचे देते, म्हणजे एकच ओळ सोडते. 'स्किप'ला दोन सांगितले तर ती दोन सोडते. एकाच आकड्याचे दोन अर्थ.

आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत आहे. लाभ, दोन, तीन अशी मापे पडत जातात. रीत ठाऊक नसलेला परका माणूस नुसते आकडे ऐकून टिपायला बसला, तर त्याच्या वहीत एक माप कमी भरेल. संगणकाच्या बऱ्याच भाषांत पहिल्याला 'शून्य' म्हणतात, तिथेही नवशिक्याची अशीच गडबड उडते. पण त्या शून्यामागे विचार आहे. एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एका टिपणात शून्यापासून मोजण्याची बाजू मांडली. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: शून्यापासून मोजले, तर एखाद्या घटकाचा क्रमांक म्हणजेच त्याच्या आधी किती घटक आहेत ती संख्या. दुसऱ्या शब्दांत, त्याच्यापर्यंत पोहोचायला किती सोडावे लागतील ती संख्या.

हे नुसते पुस्तकी नाही. मतदार यादीत आपले नाव शोधताना हाच हिशेब लागतो. तलवाडा गेवराई विधानसभा मतदारसंघात, म्हणजे क्रमांक २२८ मध्ये येते. गेल्या अनेक वर्षांच्या याद्यांचा साचा पाहिला, तर साधारणपणे पहिल्या पानावर मतदान केंद्राचा आणि यादी भागाचा तपशील असतो, दुसऱ्या पानावर नकाशा आणि केंद्राचे छायाचित्र असते आणि नावे तिसऱ्या पानापासून सुरू होतात. एका भरलेल्या पानावर ३० नावे मावतात.

समजा, आपला अनुक्रमांक २४७ आहे. आपल्या आधी २४६ जण. त्यांना ३० ने भागले, तर ८ पाने पूर्ण भरतात आणि ६ जण उरतात. म्हणजे नावांची ८ पाने सोडायची आणि नवव्या पानावर सातवे नाव आपले. सुरुवातीची दोन पाने मिळवली, तर फाइलचे अकरावे पान.

आता अनुक्रमांक २४० घ्या. घाईत कोणी २४० ला ३० ने भागतो, उत्तर ८ येते, ८ पाने सोडतो आणि नवव्या पानावर शोधू लागतो. नाव सापडत नाही. कारण आधीचे २३९ जण म्हणजे ७ पाने आणि २९ जण. नाव आठव्या पानावर आहे, अगदी शेवटचे. भागायचे ते आपल्या क्रमांकाला नव्हे, आपल्या आधीच्या माणसांना. एक वजा करायचा राहिला की पान चुकते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले. दसरा-दिवाळीनंतरचे हे दिवस म्हणजे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचे गाव सोडून कारखान्यांकडे निघण्याचे दिवस. अशा वेळी मतदानासाठी गावी थांबलेल्या किंवा मुद्दाम परतलेल्या माणसाला केंद्राबाहेरच्या टेबलावर 'यादीत नाव नाही' असे उत्तर मिळाले, तर त्याचा दिवस, त्याची मजुरी आणि त्याचे मत तिन्ही बुडते. नाव खरोखरच नसणे वेगळे आणि पान चुकल्यामुळे न सापडणे वेगळे. दुसरी गोष्ट एका वजाबाकीने टळते.

संगणकाच्या आतही सोडण्याचे दोन प्रकार आहेत. कॅसेटचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे लगेच कळेल. सातवे गाणे ऐकायचे तर कॅसेट पुढे पळवावी लागे, सहा गाण्यांची फीत डोळ्यांसमोरून सरकायची. सीडी आली आणि थेट सातव्या गाण्यावर उडी मारता येऊ लागली. संगणकात काही संग्रह सीडीसारखे असतात. त्यांचे घटक ओळीने, सारख्या अंतरावर ठेवलेले असतात. तिथे दहा लाख घटक सोडणे आणि दहा घटक सोडणे यांना सारखाच वेळ लागतो. काही कॅसेटसारखे असतात. फाइलमधून एकेक ओळ येते, दुसऱ्या संगणकाकडून माहितीचा प्रवाह येतो. तिथे सोडायचे म्हणजे आधी वाचायचे आणि मग टाकून द्यायचे. हातपंपाचे गढूळ पाणी घागरीत घ्यायचे नसले तरी उपसावे लागतेच, तसे. आणि त्या पाण्यासारखेच ते परतही येत नाही. पहिल्या प्रकारात मूळ यादी जागेवर असते, आपण फक्त पुढून वाचायला लागतो. दुसऱ्या प्रकारात सोडलेले गेले ते गेले.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या भाषेचे काम सुरू केले. त्या भाषेत सगळा कारभार याद्यांचा. तिच्या मूळ आज्ञांपैकी एकीचा अर्थच 'पहिला सोडून उरलेली यादी' असा होता. तिचे नाव होते 'कुडर'. हे विचित्र नाव त्या वेळच्या आयबीएम ७०४ या यंत्राच्या रचनेतून आले. यंत्र कधीच मोडीत निघाले, नाव मात्र टिकून राहिले. सी-शार्पमध्ये २००७ मध्ये 'स्किप' आले, जावात २०१४ मध्ये. शब्द बदलले, काम तेच.

शेवटचा मुद्दा क्रमाचा, आणि तो फार महत्त्वाचा. 'पहिले पाच' म्हणायला आधी पहिला कोण हे ठरलेले हवे. पोत्यातले पहिले पाच दाणे कोणते, या प्रश्नाला अर्थ नाही. माहितीच्या मोठ्या कोठारांत नोंदी अशाच, पोत्यातल्या दाण्यांसारख्या असतात. अमुक क्रमाने लाव, असे सांगितल्याशिवाय त्या कुठल्या क्रमाने बाहेर येतील याची हमी नसते. क्रम न सांगता 'पहिले दहा सोड' म्हटले, तर आज एक दहा सुटतील, उद्या दुसरे.

आणि क्रम ठरवला तरी यादी जिवंत असते. समजा, नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनाला रांग लागली आहे. एक स्वयंसेवक पहिल्या पन्नास जणांना पाणी देतो आणि कळशी भरून आणायला जातो. परत येऊन तो रांगेच्या टोकापासून पन्नास माणसे मोजतो, ती सोडतो आणि एक्कावन्नाव्यापासून पाणी द्यायला लागतो. हिशेब चोख. पण मधल्या वेळात पुढचे चार जण दर्शनाला आत गेले. म्हणजे आता मोजलेल्या पन्नासांत शेवटचे चार असे आहेत, ज्यांना पाणी मिळालेलेच नाही. तहानलेले चार जण सुटले, आणि स्वयंसेवकाचा काही दोषही दिसत नाही.

मोबाइलवर एखादी लांब यादी आपण दहा-दहाच्या पानांनी बघतो, तेव्हा अनेकदा आत हेच चाललेले असते. पहिले पान म्हणजे पहिले दहा. दुसरे पान म्हणजे दहा सोडून पुढचे दहा. पहिले पान वाचून होईपर्यंत वरचे एक नाव कमी झाले, तर अकरावा दहावा होतो आणि दुसऱ्या पानासाठी जे दहा सोडले जातात त्यांत तो जातो. तो पहिल्या पानावरही नव्हता, दुसऱ्यावरही नाही. उलट वर एक नाव वाढले, तर दहावा माणूस दोनदा दिसतो.

यावर उपाय स्वयंसेवकालाही सुचेल. माणसे मोजण्याऐवजी ज्याला शेवटचे पाणी दिले त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि त्याच्या मागच्यापासून सुरुवात करायची. चांगले प्रोग्रॅम हेच करतात. 'दहा सोड' असे न म्हणता 'अमुक क्रमांकाच्या पुढचे दहा दे' असे म्हणतात. मतदार यादीतही ही काळजी घेतलेली आहे. नाव वगळले तरी ते वगळल्याची खूण करून जागेवरच ठेवतात आणि ती यादी नव्याने जुळवून छापेपर्यंत मागच्यांचे अनुक्रमांक सरकत नाहीत. म्हणून आपला २४७ हा २४७ च राहतो.

गावाला ही सावधगिरी नवी नाही. सातबारा संगणकावर आला तेव्हा गावोगाव त्याचे चावडी वाचन झाले. नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि गावाने ऐकायच्या, कारण कागदावरून सुटलेले नाव ज्याचे आहे त्याच्या कानाला लगेच कळते. संगणकाने केलेल्या यादीलाही तेच लागू आहे. ग्रामसभेत यादी वाचली जाईल तेव्हा तीन आकडे जरूर विचारा. मूळ फाइलमध्ये ओळी किती होत्या? वरच्या आणि खालच्या मिळून किती सोडल्या? नावे किती घेतली? सोडलेल्या आणि घेतलेल्या मिळून पहिला आकडा भरला पाहिजे. आमच्या मनातल्या यादीत वरच्या ५ आणि नावांच्या २१२ मिळून २१७ ओळी. शेवटी 'एकूण' अशी ओळ असेल तर २१८, आणि मग सोडलेल्या ६. बेरीज जुळली तर उत्तम. नाही जुळली, तर आधी यादीतले पहिले नाव कोणाचे आहे ते मूळ कागदावर पाहा. बहुतेक वेळा सुटलेला माणूस तिथेच सापडेल.